जीपला पाजलेलं करडीचं तेल

भाद्रपद लागला की लोकांना दुर्वांचा आणि कापराचा वास येतो म्हणे. मला ब्रेक ऑइलचा येतो. यंदा तर तो नुसता आठवणीतला नव्हता, खरोखरचा होता. रविवारी सकाळी मुलानं आमच्या इमारतीखाली गाडी जॅकवर चढवली होती. पन्नाशीला आलेला माणूस, चांगल्या हुद्द्यावरचा. पण मोबाइलवर कुठंतरी बघितलं आणि ब्रेक ऑइल आता घरीच बदलायचं असं त्याच्या मनानं घेतलं. चारी चाकांतून जुनं काढायचं, नवं भरायचं आणि नळ्यांत अडकलेली हवा बाहेर घालवायची. ‘अगदी सोपं आहे,’ म्हणाला, ‘फक्त कुणीतरी आत बसून पेडल दाबायला हवं. आई, येतेस का पाच मिनिटं?’

मी खाली गेले. त्यानं डबा उघडला आणि तो वास नाकात शिरला. गोडसर, थोडासा मासळीचा, थोडासा दवाखान्याचा. तेल म्हणवणाऱ्या वस्तूला असा वास असूच नये. बोटाला लागलं तर ते तेलासारखं पसरत नाही, कातडी ओढून धरतं. साबणानं तीनदा धुतलं तरी जेवताना घासाबरोबर नाकाशी येतंच. मी तोंडाला पदर लावला, ‘मला नाही जमायचं’ म्हणाले आणि आल्या पावली वर गेले. त्यानं वॉचमनला बसवलं. खिडकीतून मला त्याचा आवाज येत होता, ‘दाबा... धरा... सोडा.’ मी खिडकी लावून घेतली. मुलाला वाटलं, म्हातारीला आता कशाचीही किळस येते. खरं आहे ते. पण ही किळस म्हातारपणाची नाही, ती त्याच्यापेक्षा सहा महिन्यांनी मोठी आहे.

तो पोटात होता त्या वर्षीचा हा भाद्रपद. मोठा दुष्काळ मागे पडून एक-दोन पावसाळे झाले होते, आणि जाफराबादच्या अलीकडच्या एका खेड्यात मी नवीनच सून म्हणून नांदत होते. तिसरा महिना होता. डोहाळे म्हणजे चिंचा-बोरं खाणं असतं असं ज्यांनी लिहून ठेवलं, ते सगळे पुरुष असणार. मला नुसता वास यायचा. गोठ्याचा यायचा, ओल्या गोणपाटाचा यायचा, सासूबाईंच्या केसांतल्या तेलाचा यायचा, भाकरीच्या पिठाचासुद्धा यायचा. पिठाला वास असतो हे मला त्याआधी कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. दिवसातून चार वेळा परसात जाऊन ओकायचं आणि तोंड पुसून पुन्हा चुलीपुढं बसायचं, असा माझा दिनक्रम होता.

त्यात नुकताच पोळा होऊन गेलेला. पोळ्याचं कौतुक सगळे करतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाविषयी कुणी बोलत नाही. बैलांच्या शिंगांचा हिंगूळ पावसानं ओघळून त्यांच्या डोळ्यांत उतरलेला असतो. झेंडूच्या माळा शेणात पडून कुजत असतात. उरलेलं पुरण आंबतं, आणि ते टाकायचं नसतं, खायचं असतं. माश्या तर इतक्या, की ताटावर हात फिरवायला एक माणूस वेगळा लागायचा. ऊन पडलं की सगळ्या अंगणातून वाफ निघायची आणि त्या वाफेला मी वर सांगितलेल्या सगळ्या वस्तूंचा मिळून एक वास असायचा.

त्या अंगणाच्या मधोमध आमची जीप उभी असायची.

आमची म्हणजे माझ्या सासऱ्यांची. मी त्यांना मामंजी म्हणायची, गाव नाना म्हणायचं. लष्करानं मोडीत काढलेली ती जीप त्यांनी कुठल्याशा लिलावातून उचलून आणली होती. पंचक्रोशीत तेव्हा बैलगाडी नाहीतर एसटी, त्यामुळं जीप आली तेव्हा लोक ती बघायला जेवून-खाऊन निवांत आले होते. मामंजी वाईट माणूस नव्हते. बैलांवर त्यांचा जीव होता, बैल आजारी पडला तर ते स्वतः जेवायचे नाहीत. जीप त्यांच्या लेखी पाचवा बैलच होती. पोळ्याच्या दिवशी त्यांनी तिला धुतली, बॉनेटवर झूल घातली, पुढं बाशिंग बांधलं, दिव्यांच्या कडांना शिंगांचा उरलेला हिंगूळ लावला. आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, तिला ओवाळून पुरणपोळीचा घास बॉनेटवर ठेवला. इथपर्यंत मला हसू येत होतं.

आमच्याकडं बैलांना करडीचं तेल पाजतात. बांबूचं नळकांडं तेलानं भरायचं, बैलाचं तोंड वर धरायचं, नळकांडं गालफडात खुपसायचं आणि ओतायचं. बैल मान झटकतो, अर्धं तेल लाळेसकट माणसाच्या हातावर येतं. मामंजींनी चारी बैलांना पाजलं आणि त्याच हातानं, तेच नळकांडं घेऊन, ते जीपकडं वळले. ड्रायव्हरच्या पायाखाली पत्र्याचं एक झाकण होतं, त्याच्याखाली ब्रेकच्या तेलाचं भांडं. त्यांनी ते उघडून आत बघितलं.

‘खाली गेलंय हो तेल,’ ते आत्याबाईंना म्हणाले. ‘उपाशी दिसून राह्यली बिचारी. वर्षभर राबती, मंग आज हिला बी नको का?’

आणि बैलाच्या लाळेनं लडबडलेलं ते नळकांडं त्यांनी त्या भांड्याच्या तोंडात उपडं केलं. घरच्या घाण्याचं करडीचं तेल. मी ओसरीवरून बघत होते. माझे वडील जालन्याच्या एसटी डेपोत मिस्त्री होते. ब्रेकमध्ये दुसरं तेल गेलं की आतलं रबर फुगतं आणि ब्रेक निकामी होतो, हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं. पण माझं लग्न होऊन वर्ष व्हायचं होतं, आणि सासऱ्यांसमोर मी तोवर पदर सावरण्यापलीकडं काही केलं नव्हतं. मला लाळेची किळस आली, मी तोंड फिरवलं.

चौथ्या दिवशी जीप ओढ्याकडून येताना थांबलीच नाही. मामंजी पेडलवर उभे राहिले तरी थांबली नाही. वळणावरचा आमचाच उकिरडा होता म्हणून बरं. ती सरळ त्यात घुसली, आणि पावसानं मऊ झालेल्या शेणखतात बॉनेटपर्यंत रुतून बसली. बैल जोडून ओढून काढावी लागली. मामंजींच्या मिशांना शेण लागलं होतं आणि गाव तोंडं फिरवून हसत होतं. शेणखत धुऊन काढायचं काम अर्थातच बायकांचं. मी दोनदा ओकले.

आठवडाभर ती अंगणात तशीच पडून राहिली, तेव्हा किसनभाऊला बोलावणं गेलं.

किसनभाऊ बौद्धवाड्यात राहायचा. पंचेचाळिशीचा असेल. लष्करात मोटारींच्या वर्कशॉपमध्ये पंधरा वर्षं काढून आलेला, आता मळ्यामळ्यांतून विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करायचा आणि हंगामात मजुरीला जायचा. घरात त्याला सगळे किसन्या म्हणत. मला ते तोंडात बसेना म्हणून मी किसनभाऊ म्हणायचे, तेही कुणी जवळ नसताना. त्या वासाच्या राज्यात तो एकच माणूस असा होता की जवळून गेला तरी मला मळमळत नसे. खाकी शर्ट धुतलेला, नखं कापलेली, खिशात साबणाची वडी कागदात गुंडाळलेली. जीपखाली शिरायच्या आधी तो स्वतःचं गोणपाट अंथरायचा आणि उठल्यावर त्याची घडी घालायचा.

त्यानं पायाखालचं झाकण उघडून एक बोट आत बुडवलं, दोन बोटांत चोळलं, हुंगलं.

‘नाना, काय पाजलं हिला?’

‘तेल. घरचं हाय, घाण्याचं. भेसळ न्हाई बिलकुल.’

किसनभाऊ हसला नाही. हसला असता तर मला आवडलं असतं. ‘हे बैल न्हाई, नाना,’ म्हणाला. ‘आतली समदी रबरं फुगून गेली असतील. खोलावं लागंल. जालन्याहून रबरं आणतो, ब्रेक ऑइल आणतो, इस्पिरिटनं समद्या नळ्या धुतो. चार-पाच दिवस जातील.’

‘जल्दी कर,’ मामंजी म्हणाले. ‘मंगळवारी अंगारकी हाय. राजूरला जायाचंय.’

जायचं होतं ते माझ्यासाठी. सुनेला दिवस गेले तर तिला जीपमध्ये बसवून राजूरच्या गणपतीला नेईन, चालू देणार नाही, थेट चढावरून वर नेईन, असं मामंजी बोलून बसले होते. देऊळ उंचावर आहे. रस्ता चढतो, आणि अंगारकीला त्या रस्त्यावर माणूस माणसाला चिकटून चालतो. ब्रेक कशासाठी लागणार होता, ते एवढ्यावरून कुणालाही कळावं.

किसनभाऊनं जे आतून काढलं, ते मी जन्मात विसरणार नाही. करडीचं तेल चिकट व्हायला लागलं की त्यावर साय धरते. ती साय, जुनं ब्रेक ऑइल, गंज आणि बैलाची लाळ असं सगळं मिळून काळपट हिरवा शेंबूड झाला होता. तो नळ्यांतून निघता निघेना. निघाला की थबथब पडायचा आणि त्याला खवट तेलाचा आणि मासळीचा एकदमच वास यायचा. फुगलेली रबरं पाण्यात पडून राहिलेल्या गिळगिळीत वाटाण्यांसारखी झाली होती. दोन दिवस अंगणात स्पिरिटचा भपकारा होता. मी नाकात कापूर धरून पोळ्या लाटल्या.

रविवारी सगळं जोडून झालं आणि नवं ऑइल भरलं. आता राहिली होती नळ्यांतली हवा. हे काम एका माणसाचं नाही. एकानं वर बसून पेडल दोन-तीनदा मारायचं आणि खाली दाबून धरायचं. दुसऱ्यानं चाकाखाली पडून, चाकामागं एक बारीक तोंड असतं ते पान्यानं सैल करायचं. फस्सकन हवा आणि ऑइल बाहेर येतं. मग ते तोंड परत आवळायचं, आणि ते आवळून झाल्यावरच वरच्यानं पाय उचलायचा. आधी उचलला की आलेली हवा उलटी आत जाते आणि केलेलं सगळं पाण्यात. म्हणजे खाली मातीत पडलेला माणूस सांगतो, आणि वर गादीवर बसलेल्यानं ऐकायचं असतं. यात दुसरी रीतच नाही.

सालगड्याला बसवून बघितलं. तो घाबरून दोन्ही पाय एकदम मारायचा. आमचे हे भोकरदनला शाळेत मास्तर, ते नेमके त्या रविवारी आले नव्हते. मी पदर डोक्यावर ओढला आणि म्हणाले, ‘मी दाबते.’ माझ्या मनात मोठं काही नव्हतं. त्या जीपमध्ये मलाच बसायचं होतं, एवढंच होतं.

‘अगं पोटुशी बाई तू,’ आत्याबाई म्हणाल्या.

‘बसून पाय तर हालवायचाय,’ मामंजी म्हणाले. ‘बसू दे.’

किसनभाऊला निघणारं ऑइल धरायला भांडं हवं होतं. आत्याबाई घरातलं भांडं देईनात. त्याचा हात लागला की ते पुन्हा घरात कसं घ्यायचं, हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. किसनभाऊनं वळचणीतून आपला कप काढला. त्याच्या चहाचा तो कप आमच्याकडं वळचणीला खोचलेला असायचा, आणि कोळ्यांची जाळी झटकून तो त्याचा त्यानंच धुवायचा असायचा. त्यानं तो चाकाखाली ठेवला आणि रबरी नळीचं टोक त्यात सोडलं.

‘अरे, चहाचा हाय ना त्यो!’ आत्याबाई ओरडल्या.

‘माझाच हाय की, काकू,’ तो म्हणाला आणि गोणपाटावर आडवा झाला.

‘दाबा, वैनी.’ मी दाबायची. ‘आनखी. आनखी. आता धरा.’ फस्स. ‘धरून ऱ्हावा... सोडा.’ माझ्या तळपायाला पेडल आधी ओल्या कणकेसारखं लागायचं, मग हळूहळू घट्ट व्हायचं. मागचं एक चाक झालं, मग दुसरं. मळमळ होतीच, पण त्या आवाजात एक शिस्त होती, आणि कुणीतरी बरोबर वेळेला बरोबर शब्द बोलतंय याचं मला त्या घरात पहिल्यांदाच बरं वाटत होतं. पुढचं डावं चाक झालं तेव्हा चहा आला. आत्याबाई किटली घेऊन उभ्या राहिल्या. कप काठोकाठ ऑइलनं भरलेला.

‘आता कशात देऊ तुला?’ त्यांनी विचारलं. खरोखर विचारलं, त्यांच्या तोंडावर अडचणच होती. आत फडताळात कपबशांची चवड होती. त्यांच्या डोक्यात ती आलीसुद्धा नाही. ‘धू की जरा राखेनं.’

‘नको, काकू,’ किसनभाऊ म्हणाला. ‘आज पोट बरं न्हाई.’

मी माझा चहा प्याले. कपात मला त्या ऑइलचा वास आला तरी प्याले. आत जाऊन एक कप आणणं पाच पावलांचं काम होतं.

आता वय झाल्यावर मी किळसेचा थोडा विचार केला आहे, दुसरं काही करण्यासारखं उरलेलं नाही म्हणून. शेण, लाळ, ओकारी यांची किळस आपली आपल्याला येते. ती पोटातून येते, तिला कुणी शिकवत नाही, आणि पोट बरं झालं की ती जाते. आत्याबाईंची किळस तशी नव्हती. त्या रोज हातानं शेण उचलायच्या, उकिरड्यात गुडघाभर उभ्या राहायच्या. त्यांना घाण चालायची, स्वच्छ माणूस चालत नव्हता. ती किळस त्यांना आईनं दिली असेल, आईला तिच्या आईनं. त्यांच्यावर चिडून मी मोकळी झाले असते तर किती बरं झालं असतं. पण माझ्या वाट्याला आली ती तिसऱ्याच जातीची किळस, आणि ती दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही.

एकच चाक राहिलं होतं. तेवढ्यात दगडी गडग्यापलीकडून शेजारचे दामूअण्णा टेकून उभे राहिले, तंबाखू मळत.

‘काय नाना,’ ते म्हणाले, ‘तुमची सून तर किसन्याच्या हुकमात गेली की! तो धर म्हनला की धरती, सोड म्हनला की सोडती.’

चार माणसं हसली. मामंजींचा चेहरा काळवंडला. ‘उठ गं,’ ते म्हणाले. ‘मी बसतो.’

मी उतरले. मामंजी बसले. खालून आवाज आला, ‘दाबा, नाना. आता धरा. सोडू नगा.’ मामंजींनी सोडलं. मुद्दाम सोडलं असं मी म्हणणार नाही. पण किसन्यानं सांगितलं आणि गावासमोर आपण तसंच केलं, हे त्यांच्या पायाला जमेना. ‘नाना, मी सांगस्तवर धरा.’ ‘धरलंय की!’ पुन्हा पाय उचलला. नळी ऑइल मागं ओढताना गुरगुरली. मला जिथं उभी होते तिथून ऐकू आलं. असं चार वेळा झालं. पाचव्यांदा मामंजी उतरलेच.

‘बास. झालं.’

किसनभाऊ खालून बाहेर आला. ‘झालं न्हाई, नाना. उलटी हवा गेली. पुन्हा करावं लागंल, वैनींना बसवा.’

‘मी म्हनतो झालं.’ आणि त्यांनी जीप परसातल्या मोकळ्या रानात दोन फेऱ्या फिरवून आणली. पेडल तीनदा मारल्यावर ब्रेक लागत होता. ‘बराबर लागतोय. तीनदा मारू, त्यात काय!’

किसनभाऊनं हात धुतले, गोणपाटाची घडी घातली आणि कप तसाच भरलेला वळचणीखाली ठेवून गेला.

मंगळवार उजाडला. मी डोळे उघडले आणि नेहमीप्रमाणं तोंडाशी हात नेला. पण काही नव्हतं. मळमळ नव्हती. तीन आठवड्यांत पहिल्यांदा हवा नुसती हवा होती. न्हाऊन मी हिरवं लुगडं नेसले. अंगणात जीप झाडून तयार होती. मागं शेजारच्या चार बायका नारळांच्या पिशव्या घेऊन बसलेल्या. मामंजींनी किसनभाऊलाही बोलावलं होतं, वाटेत चाक बसलं तर असावा म्हणून. तो मागच्या फळीवर उभा राहून येणार होता. मी तुळशीला पाणी घालत होते तेव्हा तो जवळ येऊन, खाली बघत, हळू आवाजात बोलला.

‘वैनी, ब्रेकात दम न्हाई. सपाटीवर चालंल, चढावर दगा देईल. मी काल बी सांगून आल्तो, माझं ऐकत न्हाईत. तुमी सांगा. तुमच्या पोटातल्यासाठी तरी ऐकतील.’

ते खरं होतं. त्या दिवशी त्या घरात माझ्या पोटापुढं कुणाचं काही चाललं नसतं. मी एवढंच म्हणायला हवं होतं, ‘मामंजी, ब्रेकमध्ये हवा आहे. तुम्ही पाय लवकर उचललात. एक तास थांबू, मी दाबते.’ वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. पण त्यात ‘तुम्ही पाय लवकर उचललात’ होतं. चार बायका बघत होत्या, दामूअण्णा गडग्यावर होतेच. सून किसन्याच्या हुकमात गेली, हे माझ्याही कानात होतं. मी ओसरीवर गेले, खांबाला धरलं आणि पदर तोंडाला लावला.

‘आत्याबाई, मला लई मळमळून राह्यलंय. मी न्हाई येत.’

‘ऱ्हाऊ द्या तिला,’ आत्याबाई मामंजींना म्हणाल्या. ‘आपुन जाऊन नारळ फोडून येऊ.’

जीप गेली. किसनभाऊ मागच्या फळीवर, एक हात वरच्या दांडीला. त्यानं माझ्याकडं बघितलं की नाही, मला माहीत नाही. मी खांबाकडं तोंड केलं होतं.

घर रिकामं झालं आणि मला भूक लागली. मी चूल पेटवली, दोन भाकरी थापल्या, पाट्यावर मिरचीचा ठेचा वाटला आणि दारात बसून खाल्ल्या. तीन आठवड्यांत पहिल्यांदा जेवण चांगलं लागलं. तिसरी भाकरी करावी का, असाही विचार केला. ती चव मला अजून आठवते. त्या हंगामातल्या सगळ्या घाणींपेक्षा तिची आठवण मला नकोशी आहे.

दुपार कलता कलता बायका एसटीनं परत आल्या. चढाच्या मध्यावर पुढचे लोक अडले म्हणून मामंजींनी जीप थांबवायला बघितली. पेडल एकदा मारलं, थेट खाली गेलं. जीप मागं सरकायला लागली. मागं बायाबापड्या, कडेवरची लेकरं. हातब्रेक कधीचाच मोडलेला, आणि तीनदा मारायला वेळ कुठला? किसनभाऊनं उडी टाकून रस्त्याकडंचा दगड उचलला आणि मागच्या चाकाखाली सरकवला. दगड निसटला. त्यानं तो पुन्हा लावला, आणि या वेळी चाक थांबेपर्यंत हातानं दाबून धरला. चाक थांबलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. उजव्या हाताची तीन बोटं गेली.

‘गणपतीनं राखलं,’ मामंजी आल्यावर म्हणाले. दुसऱ्या दिवशीपासून त्यांनी जीपला हात लावला नाही. त्यांनी दवाखान्याचं सगळं केलं, रोज कुणाला तरी पाठवून विचारपूस केली. मी सांगितलं ना, माणूस वाईट नव्हता. आत्याबाई देवापुढं बसून रडल्या. मला सगळे म्हणाले, तुझी पुण्याई मोठी, नेमकी त्याच दिवशी तुला मळमळलं. बायका माझ्या पोटावरून हात फिरवून बोटं मोडायच्या. मळमळ मात्र दुसऱ्या दिवशी परत आली आणि मुलगा होईपर्यंत गेली नाही.

पंधरा दिवसांनी मी भरदुपारी, घरात सगळे झोपलेले असताना, बौद्धवाड्यात गेले. घर सारवलेलं, भिंतीवर बुद्धाची तसबीर, कोपऱ्यात भांडी लख्ख लावलेली. किसनभाऊ बाजेवर बसला होता. हातावर पांढरी पट्टी होती, त्याच्या बायकोनं रोज धुऊन बांधलेली. तिनं मला तांब्याभर पाणी दिलं, मी ते प्याले. पाना धरायचा हात तोच होता, हे मी विचारायची गरज नव्हती. मला क्षमा मागायची होती. त्यासाठीच मी आले होते, वाटेत शब्दही जुळवले होते.

त्यानंच आधी तोंड उघडलं.

‘तुमी आल्या न्हाई ते बराबर झालं, वैनी. जीप हेलकावली तवा मागं बसलेल्या बाया पार येकमेकींवर पडल्या.’ ‘मला आधी राग आल्ता तुमचा. खोटं कशाला सांगू. म्हनलं, येक शब्द तर बोलायचा व्हता. मंग कारभारीन म्हनली, तिसऱ्या महिन्यात मळमळ सुटली म्हंजे बाईला तोंड उघडवत न्हाई. ते बी खरंच.’ त्यानं माझ्याकडं सरळ बघितलं. ‘लई मळमळत व्हतं ना त्या दिशी?’

त्याची बायकोही बघत होती. दारातून वारा येत होता आणि त्या घरात कसलाच वास नव्हता.

‘हो,’ मी म्हणाले. ‘फारच.’